‘पेशंट मी आहे’ म्हणणारी वहिनी

वहिनी, गल्लीच्या तोंडाशी तुझा बॅनर लागलाय. तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या पोरांनी लावला. केतकीच्या लग्नातला तो अबोली साडीतला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत ‘ज्येष्ठ समाजसेविका’. तू असतीस तर “समाजसेविका कसली रे, ब्लाउजवाली मी,” म्हणून त्यांना परत पाठवलं असतंस. तुझी लेक मात्र खाली उतरली आणि म्हणाली, “अजून एक ओळ घाला. मी सांगते काय ते.” ओळ ऐकून पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला एक चाचरत म्हणाला, “ताई, बॅनरवर असं कोणी लिहितं का?” केतकी म्हणाली, “आई माइकवरून बोलली होती ना? मग बॅनरला काय होतंय?”

म्हणून आता काळाचौकीच्या भर रस्त्यावर लिहिलंय : ‘गोळ्यांच्या व्यसनातून उठली, दुसऱ्यांना उठवलं.’ भाजी घेऊन जाणाऱ्या बायका थांबतात, वाचतात, पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि पुढे जातात. मी दादरहून रोज येते तेव्हा तिथे थोडी रेंगाळते. भेटायला येणारे म्हणतात, बिचारीने फार सोसलं. मी मान हलवते, पण मनातून मला ते ‘बिचारी’ पटत नाही. तुला बिचारी म्हणायची तुझ्या हयातीत कुणाची छाती झाली नसती.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी कॉलेजात होते. दादा भायखळ्याच्या छापखान्यात मशीनवर होता. तुझं माहेर आणि आमचं मूळ गाव कोकणातल्या एकाच पट्ट्यातलं, पण आमच्या घरातली मालवणी बोली आजीबरोबरच गेली होती. ती तू परत आणलीस. मला ‘बाय’ म्हणणारी तू पहिली. माहेराहून आणलेलं शिलाई मशीन तू खोलीच्या एकुलत्या एका खिडकीशी लावलंस आणि आईला सांगितलंस, “उजेड माका व्हयो, बाकी जागा तुमची.” सासूला पहिल्याच महिन्यात असं सांगणारी सून चाळीने पाहिली नव्हती. आई नंतर कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरायची.

लालबागपासून भोईवाड्यापर्यंतच्या बायका तुझ्याकडे ब्लाउज शिवायला यायच्या. तुझं मापही चोख आणि तोंडही चोख. “हा गळा तुम्हाला शोभायचा नाही,” असं तू गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचीस, आणि ती बाई रागावून गेली तरी पुढच्या सणाला परत यायची. आठ-आठ, दहा-दहा तास मशीनचं पायडल चालायचं. केतकी झाली, तिचा पाळणा तू एका हाताने हलवायचीस आणि दुसऱ्या हाताने कापड सरकवायचीस.

मग ती सकाळ आली. चाळीत पाण्याची वेळ, सगळ्यांची घाई. भरलेली कळशी उचलताना तुझ्या कमरेत काहीतरी कटकन झालं आणि तू तिथेच, नळाच्या ओट्याशी बसलीस. मणक्याची चकती सरकली होती. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आणि दुखण्यावर कडक गोळ्या दिल्या. त्या अफूच्याच कुळातल्या असतात, सवय लावतात, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. चिठ्ठी थोड्या दिवसांची होती. चिठ्ठी संपली, गोळ्या चालूच राहिल्या.

त्या पहिल्या गोळीबद्दल तू पुढे मला सांगितलंस ते मी विसरणार नाही. “कंबर हलकी झालीच गो, पण तेवढंच नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं की आता कुणाला माझ्याकडून काही नकोय.” दिवसभर दहाजणींच्या घाईत जगणाऱ्या बाईला हे किती गोड वाटलं असेल ते मला कळू शकतं. अडचण ही की ते गोडपण टिकत नाही. शरीर त्या औषधाला सरावतं. पहिल्यासारखं वाटायला एकाच्या दोन लागतात, दोनाच्या चार. आणि पुढे तर गोडपणाही उरत नाही. न घेतल्यावर जे होतं ते टाळण्यापुरती गोळी घ्यावी लागते.

एका दुकानात वारंवार मागायची लाज वाटायला लागली तशी तू दुकानं बदललीस. आज लालबाग, उद्या भोईवाडा, परवा अस्तर आणायच्या निमित्ताने थेट भायखळा. घरात कुणाला संशय नाही. कसा येणार? आपल्याकडे व्यसनी म्हणजे पुरुष. गुत्त्यावरून झोकांड्या खात येणारा, नाहीतर पुलाखाली गर्द ओढत बसलेला. सकाळी न्हाऊन, कुंकू लावून, देवाला फूल वाहून मशीनवर बसणारी बाई व्यसनी असेल असं कुणाच्या मनात येत नाही. दुपारी तुझी मान पुढे झुकायची, आम्ही म्हणायचो दमली. एकदा सुई बोटातून आरपार गेली आणि तुला ती पटकन कळलीही नाही. एका नवरीचा ब्लाउज तू उलटा कापलास. आम्ही म्हणालो, कंबर दुखत असेल.

त्या वर्षी आपण गणपतीला गावी गेलो. तू आणलेल्या गोळ्या पुरतील असा तुझा हिशेब होता, तो चुकला. तिसऱ्या दिवशी सकाळी तुला कापरं भरलं. डोळ्यांतून, नाकातून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात पिळे. काकू म्हणाली ताप आहे. शेजारची म्हातारी म्हणाली, बाहेरचं लागलंय, देवळात गाऱ्हाणं घाला. आरतीची तयारी चाललेली, मोदकांचं सारण शिजत होतं. मी विहिरीवर पाणी शेंदत होते. तू भिंतीला धरत धरत माझ्यापर्यंत आलीस आणि कठड्यावर बसलीस.

“बाय, ह्यो ताप नाय,” तू म्हणालीस. “माका गोळी व्हयी. ती मिळाली की मी घटकेत बरी होतंय. देवाक गाऱ्हाणा घालून काय होवचा नाय.”

मी पोहऱ्याचा दोर हातात धरून उभी. मला आधी कळलंच नाही. मग तू सगळं सांगितलंस. दुकानं, किती वर्षं, किती गोळ्या. रडली नाहीस. दात वाजत होते म्हणून शब्द तुटत होते, तेवढंच.

“दादाला मी सांगू?” मी विचारलं.

“नको. माझं मीच सांगतंय.”

आणि तशी तू गेलीसही. दादा मखराच्या मागे वायर जोडत होता. तू त्याला बाजूला, माडाखाली नेलंस. मी लांबून बघत होते. दादाने तुझं सगळं ऐकून घेतलं. मग आत आला, बॅग काढली आणि काकांना म्हणाला, “आम्ही निघतो. हिला मुंबईला न्यायला हवं.” घरात गणपती असताना, विसर्जनाआधी कोकणातला माणूस गाव सोडून निघतो म्हणजे काय, ते आपल्याच लोकांना कळेल. काका रागावले. दादा गणपतीच्या पाया पडला, “समजून घे,” एवढंच पुटपुटला आणि तुला धरून वाटेला लागला. मीही तुमच्याबरोबर निघाले.

सरकारी हॉस्पिटलातल्या व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बाकांवर सगळे पुरुष. त्यांच्या बायका, आया त्यांच्या शेजारी. केसपेपर काढणाऱ्या माणसाने मान वर न करता दादाला विचारलं, “किती वर्षं पिताय?”

दादा गोंधळला. तू पुढे झालीस. तुझ्या हाताला घाम फुटला होता, तो मी धरलेला होता म्हणून मला माहीत. पण आवाज तुझा नेहमीचा, गिऱ्हाइकाला गळ्याबद्दल सांगतेस तो.

“पेशंट मी आहे. दारू नाही. दुखण्याच्या गोळ्या.”

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. एका बाईने पदर तोंडाला लावला. तू सरळ उभी राहून नाव, वय, पत्ता सांगितलास. वहिनी, नंतर तू माइकवर बोललीस, शेकडो बायकांसमोर बोललीस. पण माझ्या लेखी तुझं सगळ्यात मोठं भाषण ते.

आतल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तुला आधी खुर्ची दिली. म्हणाल्या, “तुम्ही वाईट आहात म्हणून हे झालेलं नाही. मेंदूला या औषधाची सवय झालीये. हा आजार आहे, मधुमेहासारखा. सांभाळावा लागतो, आणि सांभाळता येतो.” दादाने विचारलं, “मनाचा निर्धार केला तर सुटेल ना?” त्या म्हणाल्या, “निर्धार लागतोच. पण नुसत्या निर्धाराने मधुमेह जातो का? औषध पण लागतं, तुम्ही पण लागता.” त्यांनी गोळ्या एकदम तोडल्या नाहीत. वेगळं औषध दिलं, ते हळूहळू उतरवलं, कमरेसाठी व्यायाम लावले. तू चिडायचीस, झोपायची नाहीस, ताट सरकवून द्यायचीस. दादाने त्या काळात स्वयंपाक शिकून घेतला. त्याचा पहिला भात आठवतो का? चमच्याने कापून वाढावा लागला होता. त्या दिवशी किती दिवसांनी तू हसलीस.

पुढचं मी टाळणार नाही, कारण तूही कधी टाळलं नाहीस. वर्षभराने तुझे बाबा गेले. क्रियाकर्म आटोपून तू मुंबईला आलीस, आणि एका दुपारी शिलाईच्या डब्यात तळाशी राहून गेलेली गोळ्यांची जुनी पट्टी तुझ्या हाताला लागली. तू पूर्वी घ्यायचीस तेवढ्याच गोळ्या घेतल्यास. तुला वाटलं, पूर्वी एवढ्या पचायच्या. पण मधल्या काळात शरीराची ती सवय मोडली होती. थांबून परत घेणारी माणसं याच चुकीने जातात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. त्या क्षणी ते कुणाला आठवतं?

केतकी कॉलेजातून लवकर आली म्हणून तू वाचलीस. तू मशीनजवळ आडवी, ओठ निळसर, श्वास इतका सावकाश की पोरीला वाटलं थांबलाच. तिने आरडाओरडा करत सगळा मजला गोळा केला. चौघांनी तुला खुर्चीत बसवून जिना उतरवला, कुणीतरी टॅक्सी आडवली. हॉस्पिटलात इंजेक्शन दिल्यावर तू डोळे उघडलेस.

मी संध्याकाळी आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. “बाय, सगळा मातीत गेला,” म्हणालीस. मी तुझी वेणी सोडून परत घातली. बाहेर कुणी कुणी म्हणत होतं, कुत्र्याचं शेपूट ते. केतकी त्यांच्याशी भांडत होती.

आणि घरी सोडलं त्याच आठवड्यात, कुणी न सांगता, तू साडी नेसलीस आणि परत त्याच ओपीडीत गेलीस. त्याच बाकांवर, त्याच खिडकीपुढे. पहिल्यांदा जाताना आपल्या पाठीशी आशा तरी असते. दुसऱ्यांदा माणूस हरलेला जातो. डॉक्टर तुला म्हणाल्या, “परत घेतलं जाणं हा या आजाराचा भाग आहे. परत आलात, हा तुमचा भाग.” ते वाक्य तू पुढे कितीजणींना दिलंस.

त्यानंतर तू परत गोळीला शिवली नाहीस. पण ‘मी बरी झाले’ असं कधी म्हणाली नाहीस. मी म्हणायचे, “आता इतकी वर्षं झाली, बरी झालीस की.” तू म्हणायचीस, “सांभाळतंय म्हण.” यावरून आपण कितीदा वाद घातला.

मग मंडळाचा तो कार्यक्रम. गणपतीत दुपारी बायकांसाठी व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवलं होतं. केतकीसाठी स्थळं बघणं चाललं होतं, रविवारी गिरगावातून माणसं यायची होती. तू आदल्या दिवशीच सांगितलंस, “मी उद्या बोलणार आहे.” दादा म्हणाला, “बोल गं, पण रविवार जाऊ दे.” तू केतकीकडे बघितलंस. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “आई, तू बोल. ऐकून जो पळेल तो आधीच पळालेला बरा.”

व्याख्यानाला आलेले पाहुणे चांगले गृहस्थ होते. त्यांनी दारूबद्दल सांगितलं, गर्दबद्दल, आताच्या त्या पावडरींबद्दल. मुलांवर लक्ष ठेवा म्हणाले. प्रश्न आहेत का, असं विचारल्यावर तू उठलीस आणि माइक मागून घेतलास.

“माझा प्रश्न नाही. मला सांगायचंय. मी गोळ्यांची व्यसनी आहे. तुमच्यातल्या निम्म्या जणींचे ब्लाउज मी गोळी खाऊन शिवलेत. कुणाला कळलं नाही, कारण बाईकडे कुणी त्या नजरेने बघत नाही. ज्या औषधाने दुखणं जातं त्यानेच मला धरलं होतं. तुमच्या घरात कपाटात काय आहे ते बघा. आणि कुणाला धरलं असेल तर एकटीने लपून सोडू नका. माझ्याकडे या. मी तुम्हाला घेऊन जाईन.”

पाहुणे खाली बसले आणि म्हणाले, “आता तुम्हीच बोला.” तू म्हणालीस, “झालं माझं,” आणि माइक परत दिलास.

गिरगावची माणसं रविवारी आली नाहीत. फोनवर काहीतरी कारण सांगितलं. तू दिवसभर काही खाल्लं नाहीस. केतकी तुझ्यापुढे ताट घेऊन बसून राहिली, तू घास घेईपर्यंत. पुढे सचिन, तुझा जावई, केतकीला बघायला आला तेव्हा तू त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलंस. त्याने विचारलं, “आई आता बऱ्या आहेत ना?” आणि तू लगेच दुरुस्त केलंस, “सांभाळतेय.”

माइकवर बोललीस त्याच आठवड्यापासून बायका यायला लागल्या. ब्लाउजचं कापड घेऊन यायच्या, माप देता देता हळूच बोलायच्या. कुणाला खोकल्याचं औषध बाटलीने लागत होतं, कुणाची मिश्री सुटत नव्हती. भोईवाड्याची संघमित्रा आली ती झोपेच्या गोळ्या घेऊन. बँकेत नोकरी, घरात आजारी सासरे, दहा वर्षं रोजची गोळी. तुझं बोलणं ऐकून ती पेटली होती. म्हणाली, “वहिनी, जयभीम करून आजपासून सगळ्या फेकून देते.” तू तिचा हात धरलास. “नाही हं. या गोळ्या एकदम सोडल्या तर फिट येते. मला ओपीडीत सांगितलंय. उद्या सुट्टी टाक, आपण दोघी जाऊ.” तिच्या गोळ्या सुटायला कितीतरी महिने लागले. सुटल्यावर तिने तुला पांढरी साडी दिली, निळ्या काठाची. ती तू नेसून मिरवलीस.

गुरुवारची दुपार तुमची ठरून गेली. चाळीच्या जागी टॉवर झाला, तू वरच्या मजल्यावर गेलीस, तरी गुरुवार मोडला नाही. चहा, काजाबटणं आणि बोलणं. तू कुणाला उपदेश केला नाहीस. नवी बाई आली की आधी तुझं सांगायचीस, शिलाईच्या डब्यातल्या पट्टीपर्यंत सगळं. मी शिकवायचे त्या शाळेत येऊन मुलांसमोरही बोललीस. एका मुलीने विचारलं, “आजी, एकदाच घेऊन बघितलं तर?” तू म्हणालीस, “मीही एकदाच म्हणूनच घेतली होती, आणि तीही डॉक्टरने दिलेली.”

मला तुझा अभिमान वाटतो, हे मी तुला सरळ कधी म्हटलं नाही. आपल्याकडे नणंद वहिनीला असं तोंडावर म्हणत नाही. तू तर मला वेडीच म्हटलं असतंस. पण शिक्षकांच्या खोलीत, लग्नाकार्यात, जिथे संधी मिळेल तिथे मी सांगायचे, ही माझी वहिनी.

मग हा कॅन्सर. तो हाडांपर्यंत गेला तेव्हा तुझा चेहरा ओळखू येईना. साध्या औषधांनी भागेना. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं आणि तू मान फिरवलीस. “ते नको.” त्यांना तू तुझी सगळी कथा पहिल्याच भेटीत सांगितली होतीस. कुशीवर वळताना तुझ्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकून दादा गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

मी तुझ्याशी भांडले. तू पडल्या पडल्या, मी खुर्चीत.

“अगं, हे दुखण्यावरचं औषध आहे.”

“तेव्हाचं पण दुखण्यावरचंच होतं.”

“तेव्हा तू लपवून घेत होतीस. आता डॉक्टर मोजून देणार.”

“शरीराला काय कळतं बाय, लपवून की मोजून? माझी एवढ्या वर्षांची कमाई आहे ती. शेवटच्या घटकेला घालवू?”

डॉक्टर शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “शुभांगीताई, व्यसनात माणूस औषधामागे धावतो आणि त्याचं जगणं आक्रसत जातं. इथे उलट आहे. दुखण्याने तुमचं जगणं आक्रसलंय, औषधाने ते थोडं परत मिळेल. तुमचा इतिहास आहे म्हणून आपण जास्त जपून देऊ. पण इतिहास आहे म्हणून तुम्ही तळमळत राहायचं, असं कुठल्याही पुस्तकात नाही.”

तू दोन दिवस विचार केलास. मग अटी घातल्यास. गोळ्या डबीत, डबीला कुलूप, किल्ली दादाकडे. तुझ्यासमोर डबी ठेवायची नाही. आणि गुरुवारच्या बायकांना तू स्वतः सांगणार. त्या गुरुवारी त्या तुझ्या पलंगाभोवती बसल्या आणि तू सांगितलंस, “मी मॉर्फिन घेतेय. उद्या कुणाकडून ऐकू नका, म्हणून सांगतेय.” एक जण रडायला लागली. संघमित्राने विचारलं, “दुखायचं थांबलं का?” तू म्हणालीस, “बरंच.” ती म्हणाली, “मग झालं तर.”

तुझा चेहरा परत आला, वहिनी. तू उशीला टेकून बसायला लागलीस, पेज मागायला लागलीस, सचिनच्या शर्टाच्या कॉलरला नावं ठेवायला लागलीस. नातीला तू बखिया शिकवलास. ते सगळे दिवस त्या औषधाने दिले, आणि ते घ्यायचा धीर तुझा.

पण आपला वाद मिटला नाही. एका सकाळी मी तुझे पाय चेपत असताना तू म्हणालीस, “बाय, एक सांगू? पहिल्या गोळीनंतर ते जुनं हलकेपण आलं. मी ओळखलं त्याला. म्हणजे ते अजून आत आहे. मगे खरा सांग, मी सुटलेली की परत अडकलेली?”

मी म्हटलं, “सुटलेली.”

“तू नणंद माझी. तू बाजू घेणारच.”

मी पुराव्याने बोलायला हवं होतं, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. तू डोळे मिटून पडलीस, मी पाय चेपत राहिले. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस, आणि महिन्याच्या आत गेलीस. केतकीचा हात हातात, शुद्ध जवळजवळ शेवटपर्यंत.

काल दादाबरोबर चहा घेत बसले होते. तो आता फार बोलत नाही. मी तो आपला वाद त्याला सांगितला. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “तुला एक सांगायचं राहिलं.”

शेवटच्या आठवड्यांतली गोष्ट. दादाची झोप झाली नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं. दुपारची गोळी त्याने तुला दिली, आणि थोड्या वेळाने दिल्याचं विसरून दुसरी काढून आणली. तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पाणी. तुला तेव्हा दुखत होतं, दादा सांगतो, कपाळावर घाम होता. खोलीत तुम्ही दोघंच. तू नुसता हात पुढे केला असतास तरी कुणाला कधी कळलं नसतं, दादालाही नाही.

तू म्हणालीस, “अहो, आत्ताच दिलीत. ही नको. संध्याकाळची आहे ती.”

दादाने गोळी परत डबीत ठेवली. तू त्याला म्हणालीस, “तुम्ही जरा आडवे व्हा, दमलात.” आणि तो खरंच तिथे चटईवर झोपला. तो सांगतो, जाग आली तेव्हा तू त्याच्याकडे बघत पडली होतीस आणि अंगावर त्याच्या तुझी चादर होती.

गोळीसाठी लालबाग-भायखळा पालथं घालणारी बाई हातावर आलेली गोळी परत देते, दुखत असताना. अजून काय पुरावा हवा? मी दादाला म्हटलं, “हे तू तेव्हाच का नाही बोललास?” तो म्हणाला, “त्यात सांगण्यासारखं काय होतं? ती तशीच होती.”

उद्या गुरुवार आहे. संघमित्राने सगळ्यांना निरोप दिलाय, एक नवी मुलगीही येणार आहे, परळची. मी दादरहून लवकर निघेन. त्या मुलीला तुझं सगळं सांगायचं आहे, आणि शेवटी ती दुपार. मी नणंद म्हणून बाजू घेतेय असं तिला वाटणार नाही. वहिनी, तू सुटलेलीच गेलीस.